बाबांची हातोडी आणि माझा पेपर

१८ एप्रिल, दुपार

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. आम्ही सगळे मजेत आहोत. बाबांचा खांदा आता दुखत नाही. आईने चष्मा बदलला आणि तिला कोपऱ्यातली जळमटं दिसायला लागली, त्यामुळे घरात कुणालाच चैन नाही. तुझ्या वॉर्डात दुसरी नर्स आली का? की अजून तू एकटीच दोघींचं काम ओढतेस?

माझ्या प्रवेश परीक्षेच्या पेपरसाठी रजा टाकलीस आणि आदल्या दिवशी इथे पोचतेस, असं तू लिहिलंयस. ते वाचलं. त्याबद्दल लिहितेच पुढे.

अभ्यास जोरात चालू आहे. आमच्या क्लासचे सर रोज सांगतात, "सराव करा आणि आत्मविश्वास ठेवा." कुठे ठेवा ते सांगत नाहीत. सराव मात्र मी मनापासून करते. तुला ठाऊकच आहे, खाली बाबांचं पत्र्याचं दुकान, वर आमची खोली आणि मधे नुसत्या फळ्या. बाबांनी सकाळी पत्र्यावर पहिली हातोडी घातली की मी पुस्तक उघडते. मेंदूच्या नसा मी त्याच ठेक्यावर पाठ केल्यात. जीवशास्त्राचा प्रश्न नरसाळ्याची कड वळेपर्यंत सुटतो, भौतिकशास्त्राला बादलीचं अख्खं बूड लागतं. एकदा बाबा मधेच चहाला उठले, तर माझं रक्ताभिसरण हृदयाच्या डाव्या कप्प्यातच अडकून बसलं.

मागच्या आठवड्यात क्लासची मोठी सराव परीक्षा झाली, अगदी खरीसारखी. शाळेत केंद्र, बाकावर नंबर, दारात झडती. शाळा छान होती. पंखे चालू होते. मला खिडकीजवळचा बाक मिळाला. पर्यवेक्षक बाईंच्या चपला इतक्या मऊ, की त्या मागे येऊन कधी उभ्या राहायच्या ते कळायचंच नाही. पिण्याच्या पाण्याचीही सोय चांगली होती.

पेपर कसा गेला, असं तू आता विचारशील. बाबांनी विचारलं तेव्हा मी "बरा" म्हटलं. बाबांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला "उत्तम" सांगितलं. संध्याकाळी ही बातमी गल्लीच्या टोकाला पोचली तोपर्यंत मी सगळ्या केंद्रात पहिली आले होते.

आत्या, पेपर मी जवळजवळ कोरा दिला.

पहिले थोडे प्रश्न सोडवले आणि मग हातच थांबला. येत नव्हतं असं नाही. प्रश्न ओळखीचे होते, पण गर्दीत कुणी ओळखीचं दिसावं आणि नाव काही केल्या आठवू नये, तसं झालं. मी पंख्याकडे बघितलं, खिडकीबाहेर बघितलं, पाणी प्यायले, परत खिडकीबाहेर बघितलं. वेळ संपली.

दोन दिवस मी तोंडात मिठाची गुळणी धरून होते. मग आईला सांगितलं, आणि आईच्या पोटात काही राहत नाही हे तुला मी सांगायला नको. बाबा वर आले. रागावले नाहीत. फक्त विचारलं, "झालं काय नेमकं?" मी आपलं ठोकून दिलं, "तिथे फार शांत होतं."

बाबांनी मांडीवर थाप मारली. "तरीच! चूक माझीच. ठोकाठोकीत वाढवली पोरीला. आता शांततेचा सराव करायचा."

दुसऱ्या दिवसापासून माझ्या सरावाच्या वेळात हातोडी बंद. एवढंच नाही, दुकानात बोलणंही बंद. बाबा गिऱ्हाइकांशी कुजबुजत बोलायला लागले, मग गिऱ्हाइकंही कुजबुजायला लागली. समोरचा इस्त्रीवाला दबक्या पावलांनी आत आला, बाबांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "आम्हाला कळलंच नाही हो. कोण गेलं?"

बाबा कुजबुजले, "अजून कुणी नाही. पोरगी जाणार आहे, मेडिकलला."

एवढ्याने भागलं नाही. बाबा स्वतः पर्यवेक्षक झाले. माझ्या समोर स्टूल टाकून बसले, हात मांडीवर, पाठ ताठ.

"बाबा, असं बघू नका ना माझ्याकडे."

"मी कुठे बघतोय? मी घड्याळ बघतोय."

घड्याळ त्यांच्या मागच्या भिंतीवर होतं. दारात आई डोळे मिटून, हात जोडून उभी. त्या दिवशी मी यकृत डाव्या बाजूला टाकलं आणि एका माणसाला तीन मूत्रपिंडं दिली. बाबांनी उत्तरपत्रिका हातात घेऊन "अक्षर सुंदर आहे" असा शेरा मारला.

मग शुक्रवारी बाबा वसतिगृहाच्या पेट्या पोचवायला गेले. आईच्या चष्म्याची दांडी ढिली झाली होती, म्हणून तीही त्यांच्याबरोबर गेली. घर रिकामं, दुकान बंद, कुठे टाचणी पडल्याचा आवाज नाही. मी सहज म्हणून एक पेपर काढला आणि सोडवायला बसले. आईने दार वाजवलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की पेपर संपलाय. तपासला. इतका चांगला पेपर मी आजवर सोडवलेला नाही.

म्हणजे शांततेचा काही दोष नव्हता. मी जिन्यात बसून डोकं खाजवत राहिले, आणि मग ती शाळेची खिडकी आठवली. तुला मघाशी एक सांगितलं नाही. त्या खिडकीबाहेर बाबा उभे होते. दुकान बंद ठेवून, इस्त्रीचा शर्ट घालून, पेपर सुरू झाल्यापासून संपेपर्यंत उन्हात. मी बघितलं की ते मान डोलावून मला धीर द्यायचे. त्यांना वाटत होतं, मी उत्तर आठवायला वर बघतेय. आणि मी मनात म्हणत होते, हे चुकलं तर या माणसाला काय सांगू?

हातोडी चालू असते तेव्हा बाबा त्यांच्या कामात असतात आणि मी माझ्या. चुकलं तर मी खोडते, त्यांचा पत्रा वाकडा झाला तर ते सरळ करतात. कुणी कुणाकडे बघत नाही. मला परीक्षेची भीती वाटत नाही आत्या, तुम्ही सगळे तोंडाकडे बघत उभे असता त्याची वाटते.

काल बाबांना हे सगळं सांगितलं. ते हातातलं नरसाळं फिरवत बसले.

"म्हणजे मी गेटवर यायचं नाही?"

"नाही, बाबा."

"लांब उभा राहिलो तर?"

"नाही."

"पाठ करून उभा राहिलो तर?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. मग ते म्हणाले, "बरं. मी दुकान उघडतो त्या दिवशी. पण माझी ताई रजा टाकून येतेय, तिला तू सांग. मला या वयात तिचा मार खायचा नाही."

तर हे पत्र त्यासाठी आहे. चार वेळा लिहायला घेतलं आणि चारही वेळा आईच्या चष्म्यावरच थांबले.

आत्या, पेपरच्या दिवशी येऊ नकोस. लहानपणी तुझ्या वॉर्डात तू माझ्या कानाला नळी लावून मला माझंच हृदय ऐकवलंस, तेव्हापासून मला हे करायचंय. म्हणून तर तू गेटवर दिसलीस की मला प्रश्न दिसणारच नाहीत. त्या दिवशी तू तुझ्या पेशंटजवळ राहा.

आणि दुसऱ्या दिवशी ये. निकाल तेव्हा कुणालाच ठाऊक नसेल, मलाही नाही. अभिनंदन करायला काही नाही, समजूत घालायलाही काही नाही. नुसती मला भेटायला ये. रागावली असलीस तरी ये.

डॉक्टर झाले नाही तरी तुझीच,
भाची