सरकलेला हात

दवनीवाडा,
१० नोव्हेंबर २०२५

चि. देवानंदास नंदाबाईचे अ. उ. आ.

फोनवर मले काही ऐकू येत नाही, आणि तू ओरडून बोलला का शेजारची देवकाबाई माझ्याआधी सारं ऐकते. म्हणून पत्रच बरं. धान कापून झालं, मळणी बाकी आहे.

कोर्टाचं सांगते. पुढच्या महिन्यात शेवटच्या साक्षी आहेत, मग निकाल. लग्नाहून येताना नहराच्या पाळीवर त्या उमेंद्रनं माझी सोन्याची पोत ओढली, त्याले दोन वर्षं होत आली. तुझ्या भाऊजीनं त्याची कॉलर धरली तर त्यानं यायच्या हातावर रॉड हाणला. पोत पोलिसांनी त्याच्याच घरून काढली, ती मले परत भेटली. हात कुठं परत भेटला? अजून मूठ वळत नाही.

सरकारी वकील म्हणतात, चोरी शाबीत होईल, पण मारून लुटलं हे दाखवायले डॉक्टरचा कागद पाहिजे. कागद कुठून आणू? त्या दिवशी हे सरळ हाड बसवणाऱ्या केशोरावकडं गेले. त्यायनं बांबूच्या कामट्या बांधल्या, तेल दिलं. दवाखान्यात प्लास्टर केलं का हात सडते, हे यायच्या डोक्यात पक्कं बसलं आहे. मी काय काय सांगू आणि कोणाकोणाले.

मंडईच्या जत्रेचे दिवस आहेत. दंडारीचा खेळ करणारे यायले ढोलकीसाठी बोलवायले आले होते. मी म्हटलं, हात जुळला का येतील. गेल्या मंडईतही हेच म्हटलं होतं. ढोलकी खुंटीवरच आहे. हे रोज तिची धूळ पुसतात, डाव्या हातानं.

ललिताले आशीर्वाद, डिंपलचा पापा घे. येणं होत नसलं तरी बहिणीले विसरू नको.

तुझी बाई,
नंदा


अमरावती,
१८ नोव्हेंबर २०२५

ती. बाईस देवानंदचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून डोकं तापलं. भाऊजींवरच तापलं, खोटं कशाला बोलू? ट्रॅक्टर जरा खरखर करायला लागला की हा माणूस गोंदियाला मेकॅनिककडे धावतो, आणि स्वतःच्या हाताला बांबू बांधून घेतो. हे त्यांना मोठ्यानं वाचून दाखव, मी काही घाबरत नाही.

इथल्या एका ओळखीच्या वकिलाला मी विचारलं. तो म्हणाला, डॉक्टरचा कागद नसेल तर ज्यानं हात बांधला त्यालाच साक्षीला उभं करा. केशोरावांनी भाऊजींचं नाव घेऊन एवढंच सांगायचं, की त्या संध्याकाळी बकाराम आला, हाड मोडलं होतं, मी बांधलं. म्हातारा खोटं बोलत नाही हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. तू लगेच सरकारी वकिलांना भेट. तो माणूस असा सुटता कामा नये, मला झोप लागत नाही त्या विचारानं.

डिंपल दिवसभर पातेल्यांवर ताल धरून राहिली आहे, ललिता वैतागली. फुफाजींचा हात बरा झाला की ते शिकवतील असं सांगून गप्प केलं आहे. भाऊजींना नमस्कार, रागावले असतील तर दोन.

तुझ्या मायेतला,
देवानंद


दवनीवाडा,
१२ डिसेंबर २०२५

चि. देवानंदास अ. उ. आ.

तुझं ऐकलं आणि तोंडघशी पडलो.

केशोराव साक्षीले आले, धुतलेलं धोतर नेसून. सरकारी वकिलानं विचारलं, हाड मोडलं होतं का. म्हातारा म्हणाला, सरकलं होतं. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मग जजसाहेबानं स्वतः विचारलं, नीट आठवून सांगा म्हणून. तरी सरकलंच होतं. उमेंद्रचा वकील तर टपूनच होता. त्यानं विचारलं, गाडीवरून पडला तर असं सरकते का. म्हणे, सरकते. झालं आमचं काम.

तू शहरात राहून विसरला असशील. केशोराव कधीच कोणाचं हाड मोडलं म्हणत नाहीत. जुळेपर्यंत तो शब्द तोंडातून काढायचा नाही, हाड ऐकते म्हणतात, आणि मग जुळत नाही. घरच्यांनीही काढायचा नाही. आम्हीही पाळतोच. यायनं तर पोलीस ठाण्यातही हाताले लागलं एवढंच लिहून दिलं होतं. आणि साक्षीच्या वेळी हे समोरच बाकावर बसले होते ना.

बाहेर आल्यावर मी म्हाताऱ्याले नाही नाही ते बोलली. त्यायनं ऐकून घेतलं. मग म्हणाले, का जन्मात पहिल्यांदा खोटं बोललो, तेही शपथ घेऊन, पण याचा हात अजून जुळून राहिला आहे, तो मी आपल्या तोंडानं कसा तोडू. याच्यावर काय बोलावं तूच सांग. मी घरी येऊन भांडे आपटले.

सारे ठीक आहोत म्हणायचं. लिहीत जा.

तुझी बाई


अमरावती,
१९ डिसेंबर २०२५

ती. बाईस सा. न. वि. वि.

हसावं की भिंतीवर डोकं आपटावं हे कळत नाही. तो लुटारू कोर्टात खऱ्याचं खोटं करतो आणि आपली माणसं हाडाला वाईट वाटू नये म्हणून जपतात. माझ्याच सल्ल्यानं हे झालं याचा राग वेगळाच.

आता एकच कर. निकालाआधी गोंदियाला नेऊन हाताचा एक्स-रे काढ. तो कुणाची भीड ठेवत नाही. भाऊजी नाही म्हणाले तर माझी शपथ घाल.

घाईत लिहितो आहे, माया असू दे.

देवानंद


दवनीवाडा,
२० जानेवारी २०२६

चि. देवानंदास अ. उ. आ.

हे एक्स-रेले गेलेच नाहीत. म्हणाले, फोटो काढला का डॉक्टर तो शब्द तोंडानं बोलेल. तुझी शपथ घातली तर म्हणाले, देवानंद चांगला ठणठणीत आहे, त्याले काही होत नाही.

निकाल लागला. चोरी शाबीत झाली, मारल्याचं नाही. जेवढे दिवस जेलात काढले तेवढीच शिक्षा, म्हणजे लगेच सुटला. मग यायले बसस्टँडच्या पानठेल्यापाशी भेटला आणि रामराम काका म्हणाला. हे सवयीनं हात जोडायले गेले. उजवा वर येईना, तर डाव्यानंच रामराम केला. मले हे ऐकून असा संताप आला का दोन दिवस मी यायच्याशी बोलली नाही. ज्यानं हाणलं त्याले रामराम कायले करायचा? वरच्या कोर्टात जाता येते म्हणतात. पण तिथंही हाडाचा फोटो लागतेच.

काल दंडारीवाले पुन्हा आले, पुढच्या महिन्याच्या खेळासाठी. मी नेहमीचं सांगायले उठली, का हात जुळला का येतील. यायनं मले थांबवलं. उंबऱ्यात उभं राहून त्यायले म्हणाले, का माझा हात मोडला आहे, दुसरा ढोलकीवाला पाहा. चहा न घेताच गेले ते.

देवानंद, हेच कोर्टात म्हटलं असतं तर तो उमेंद्र अजून आत असता. पण तेव्हा यायले निकाल नको होता रे, हात पाहिजे होता.

ढोलकी खुंटीवरून काढून चादरीत बांधली आहे. येशील तेव्हा डिंपलसाठी घेऊन जा. फुफाजी तोंडानं ताल सांगतील म्हणतात.

वाट पाहते,
तुझी बाई