पतपेढीत नाव घातलं

बुकित बातोक, सिंगापूर

तीर्थरूप दादास,
प्रणिताचा नमस्कार.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुझ्या भाचीची, राधिकाची, परीक्षा जवळ आली आहे. आईचा गुडघा आता कसा आहे?

तू पैसे पाठवायची घाई करू नकोस. चारुदत्तच्या आजारपणात आमच्या क्रेडिट कार्डाचे हप्ते चुकले, म्हणून बँकेत कर्ज मागायला जायची भीती वाटते. तिथे आधी जुन्या नोंदी काढतात, आणि त्या काढल्याचीही नोंद राहते. म्हणून काल त्याच्या ऑफिसच्या पतपेढीत गेले. सभासदाच्या घरच्यांनाही तिथे घेतात.

"माझ्या नोंदी तपासाल ना?" मी विचारलं.

तिथल्या मिसेस लिम इथल्या लकबीत म्हणाल्या, "सभासद व्हायला कशाला चेक करायचं, लाह! तू आपल्या चारूची बायको."

तो गेल्यापासून कुणी त्याचं नाव इतक्या सहज घेतलं नव्हतं.

काही महिने बचत भरली की कर्ज मिळेल, त्यातून कार्ड फेडीन. तोवर इथली नोकरी सोडून परत येता येणार नाही.

भरलेले पैसे देश सोडतानाच परत मिळतात म्हणे. "कधी जाणार तू?" त्यांनी विचारलं. मी फॉर्मवर सही केली.

मी परत कधी येणार असं आईने विचारलं तर राधिकाच्या परीक्षेनंतर, एवढंच सांग.

वहिनीला आठवण सांग.

तुझी,
प्रणिता