बाबा झोपलेत

प्रिय दादा,

पत्र डेपोच्या पत्त्यावर आलं म्हणून दचकू नकोस. घरी सगळे ठीक आहेत, म्हणजे तुला माहीत आहेत तसेच. फोनवर तू एक तर झोपलेला असतोस, नाही तर गाडीवर. शिवाय मला जे सांगायचंय ते बोलताना मी नक्की रडेन आणि तू म्हणशील, "डॉक्टरीणबाई, आधी नाक पुसा." लिहिलेलं निदान खोडता येतं.

सध्या मी लहान मुलांच्या दातांच्या विभागात शिकते आहे. कुणाची तरी आई मांडीवर पोर घेऊन बसते, मी त्याचा वरचा ओठ उचलते आणि आई माझ्या चेहऱ्याकडे बघत राहते. चेहरा कोरा ठेवायला शिकवतात आम्हाला, मला अजून जमत नाही. आपल्या ठमीच्या वेळी तर अजिबात जमलं नाही. तिचे वरचे पुढचे सगळे दात काढले तेव्हा मी तिथेच होते. भुलीतून बाहेर आल्यावर ती रडली, पण आवाज न करता. नर्स म्हणाली, "किती शहाणं पोर!" आणि बाहेर तू सगळ्यांसमोर वहिनीला म्हणालास, "घरात दातांची डॉक्टर, आणि पोरीच्या तोंडात कोळसे! तू काय आंधळी होतीस?" तेव्हापासून तू तिच्याशी कामापुरतंच बोलतोस, असं आई सांगते.

ठमीचं पहिलं पूर्ण वाक्य आठवतं? "बाबा झोपलेत." ओठांवर बोट ठेवून. आपण किती हसलो होतो.

त्या पहाटे तुला डुलकी लागली आणि बस दुभाजकाला घासत गेली, तेव्हापासून आईने घरच बदलून टाकलं. दिवसा तुझी झोप झालीच पाहिजे, एवढंच. तुला ते दिसलं नाही, कारण तू झोपलेला असायचास. दारावरच्या बेलची वायर काढली. बिजागऱ्यांना तेल घातलं. कुकर शेजारणीकडे नेऊन लावायची. खुर्च्यांच्या पायांना तुझे जुने मोजे चढवले, आणि तू विचारलंस तेव्हा म्हणाली, "त्यांना थंडी वाजते." मग उरलं फक्त ठमीचं तोंड. दोन खोल्या आणि मध्ये एक पडदा. ती जरा कुरकुरली की बाटली. नुसतं दूध ढकलून द्यायची, म्हणून त्यात साखर. चोखता चोखता ती झोपायची. झोपेत लाळ कमी होते, गोड दूध दातांवर तसंच साचून राहतं. आधी हिरडीजवळ खडूसारखी पांढरी रेघ उमटते, मग ती तपकिरी होते, मग दात भुगा व्हायला लागतो. सगळं त्यामुळेच झालं असं मी शपथेवर सांगणार नाही. पण इथे रोज जे बघते, त्यावरून दुसरं काही सुचत नाही.

वहिनी आंधळी नव्हती. तिने ती रेघ पाहिली होती. एकदा तिने बाटली बंद करून पाहिली. ठमी किंचाळली आणि तू पडद्यामागून ओरडलास, "मला गाडीखाली घालायचंय का तुम्हाला?" अर्धवट झोपेत होतास, तुला आठवत नसेल. तिने पुन्हा बाटली भरली. तिला तुझी भीती वाटली नव्हती, तुझ्यासाठी वाटली होती. हे तिने आईला सांगितलं, आईने मला. तुला कुणीच सांगितलं नाही, कारण ऐकून तुझी झोप उडाली असती.

त्याच झोपेच्या जोरावर तू रात्रपाळ्या केल्यास, आणि त्या रात्रपाळ्यांवर मी दातांचं शिकते आहे. हे वाक्य मी दोनदा खोडलं, तरी ते परत येऊन बसलं.

आज दुपारी वहिनीचा फोन आला, कुजबुजत. धाकट्या बाळाला खाली पहिला दात आलाय. मी लगेच सुरू झाले : सकाळी आणि झोपण्यापूर्वी मोठ्या माणसानेच घासायचा, मऊ ब्रश, त्यावर तांदळाच्या कणीएवढी पेस्ट. साखर अजिबात नको. बाटली तोंडात ठेवून झोपवायचं नाही, फार तर साधं पाणी. ती "हो, हो" म्हणत होती. मागे बाळ रडत होतं, आणि मध्येच ते एकदम गप्प झालं. मी विचारलं, "आईने काय दिलं गं त्याला?" ती म्हणाली, "ठेवते हं. हे झोपलेत." मी फोन हातात घेऊन बसून राहिले आणि मग हे लिहायला घेतलं. दादा, बाटली सोडवताना बाळ रडेल, काही दिवस फार रडेल. तेवढे दिवस तू डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत झोप. तिथे ढेकूण आहेत, माहीत आहे मला. पण जाण्याआधी वहिनीला सांग, "रडू दे त्याला." मी सांगून उपयोग नाही, आई माझं ऐकणार नाही, वहिनीचंही नाही. त्या घरात हे फक्त तूच म्हणू शकतोस. नीट जागा असताना म्हण, आणि मोठ्याने म्हण, ठमीलाही ऐकू जाईल असं.

तुझीच,
नाक न पुसलेली डॉक्टरीणबाई