गौरीच्या वाटेवर बोलायचं नसतं

दिघी,
१० ऑगस्ट २०२५

ती. रंगूआत्यास, शिवानीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही, आणि हे निम्मं सांगून भागणारं नाही, म्हणून पत्र. काल बाबांचं वर्षश्राद्ध पार पडलं. पानं उठली नाहीत तोच दिनानाथकाकांनी भर पडवीत जाहीर केलं की यंदा आमच्या घरची गौर त्यांची सून प्रणाली आणेल आणि तीच बसवेल. आईनं मागीलदारी बसावं, विधवेचा हात गौरीला लागता कामा नये. आत्या, माझं डोकं असं सणकलं! लग्न झाल्यापासून आमची गौर आई सजवते. तिच्या हातच्या निऱ्या बघायला आळीतल्या बायका येतात. आणि आई? खरकटं काढत राहिली, मग मोरीत जाऊन रडली.

पण मला एक भन्नाट सुचलंय! गौर आणायचा पहिला मान माहेरवाशिणीचा. या घरची माहेरवाशीण तू. तूच आण गौर! बघू कोण अडवतंय!

उत्तर येईपर्यंत मी नखं खाऊन संपवीन. लोभ आहे तो दाटच असू दे.

तुझी,
शिवानी


चौल,
१५ ऑगस्ट

चि. शिवानीस, रंगूआत्याचे अ. उ. आ.

अगं येडे, मीही विधवाच आहे, विसरलीस की काय? सव्विसाव्या वर्षी कपाळ पुसलं माझं. त्याच भाद्रपदात माहेरी आले, तर मला मागीलदारी कुणी बसवलं ठाऊक आहे? तुझ्या बाबानं. माझ्या सख्ख्या दादानं! वर भाजी-भाकरीची दोन ताटं घेऊन आला आणि माझ्याशेजारी उकिडवा बसून जेवला. असा होता तो. जीव लावणार, पण उंबरा ओलांडू देणार नाही. त्यानंतर गौरीला मी कधी दिघीची फेरीबोट धरली नाही. तो गेला तरी मला त्याचा राग येतो, आणि आठवण आली की घास उतरत नाही.

वहिनीच्या मनात काय आहे ते आधी विचार. नुसत्या तुझ्या उड्यांवर मी बोटीत बसायची नाही. वाडीतली केळी पिकलीत, कुणी येणारं असलं तर पाठवते.

माया आहे, तशीच धरून ठेव.

तुझी,
रंगूआत्या


दिघी,
२१ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न.

विचारलं! आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली की रंगू गौर घेऊन उंबऱ्याशी आली तर तिला आत घेणारी मीच, आणि गौर सजवणारीही मीच. नाहीतर प्रणालीनं खुशाल बसवावी. आणि ऐक, प्रणाली आपल्याच बाजूची निघाली! सासऱ्यांपुढे तिचं तोंड उघडत नाही, पण त्या दिवशी आपले पाय भयंकर दुखणार, असं तिनं आत्ताच ठरवून टाकलंय.

आता सगळं तुझ्यावर आहे. ये गं. केळी पाठवू नकोस, घेऊन ये.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
शिवानी


चौल,
६ सप्टेंबर

चि. शिवानीस अ. उ. आ.

विहिरीवरून तेरड्याची गौर सुपात घेतली, रीतीप्रमाणे तोंडात पाण्याची चूळ धरली, आणि दिनानाथ वाटेत आडवा! धर्म बुडवला म्हणाला, मेलेल्या भावाची अब्रू घालवली म्हणाला. मला इतकी उत्तरं सुचत होती की गाल फुटायची वेळ! पण उंबऱ्यापर्यंत बोलायचं नसतं, चूळ सांडली तर गौर परत विहिरीवर न्यायची. मी आपली नुसती बघत राहिले त्याच्याकडे. मुक्या बाईशी माणूस भांडणार किती? दमला आणि झाला बाजूला. मागून तू खिदळत होतीस. तेवढं ऐकू येतं हो मला!

वहिनीनं माझे पाय धुतले आणि कपाळाला कुंकू लावलं. मी त्याच करंड्यात बोट बुडवून तिला लावलं. तिनं काय निऱ्या घातल्या गं यंदा! प्रणालीचे दुखरे पायसुद्धा नाचले.

एक मात्र तुझ्या मोबाइलात आलं नाही. गौर आत आल्या आल्या तुम्ही आरतीच्या तयारीच्या गडबडीत होतात, तेव्हा मी दादाच्या फोटोपुढे उभी राहिले. चूळ टाकायची विसरलेच होते. इतक्या वर्षांचं सगळं त्याला ऐकवायचं म्हणून आले होते. चूळ गिळली, आणि एवढंच विचारलं की दादा, मी तर आत आले, आता तू जेवायला कुठे बसणार?

मग त्याचं पान मी आत, माझ्या शेजारी मांडलं.

माया आटू देऊ नकोस.

तुझी माहेरवाशीण,
रंगूआत्या