जाणते-अजाणते

वरचीवाडी, ता. मालवण
९ ऑगस्ट २०२५

चि. हरिश्चंद्र यास सुगंधाआक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. 'शुद्ध' तू अजून 'शुध्द' असाच लिहितोस. शाळेत मीच तुला शिकवलं, तेव्हा लाज मलाच वाटायची. तुरुंगातून तुझा फोन येतो तेव्हा निम्मा वेळ आपण दोघं नुसते हुंकारतो, म्हणून महत्त्वाचं ते लिहूनच कळवते.

लावणी आटोपली. तुझा अजय सुट्टीला कुडाळहून येतो आणि आंब्याच्या कलमांतलं रान काढतो. हाताला फोड आले की मला दाखवतो, जसा काही मीच त्याला तिथे पाठवला.

वकील येऊन गेले. गोव्यातल्या ऑपरेशनचा अहवाल त्यांनी मला समजावून सांगितला. तुझ्या कपाळामागे लिंबाएवढी गाठ होती. माणसाचा राग जिथे आवरला जातो, तोच मेंदूचा भाग तिने दाबून धरला होता आणि तिथलं सगळं रसायनच बिघडवलं होतं. आपण काय करतोय हे ज्याला करताना कळत नव्हतं, त्याला कायदा खुनी म्हणत नाही, असं वकील म्हणाले. दसऱ्यानंतर न्यायाधीश तुला विचारतील. तेव्हा तू एवढंच म्हणायचंस की मला काही कळत नव्हतं आणि आता काही आठवत नाही.

हरी, गेल्या कार्तिकात तू भरलं ताट माझ्या अंगावर फेकलंस. जन्मात मला कधी उलटून न बोललेला तू. कोणी म्हणालं बायको गेल्याचा धक्का, कोणी म्हणालं अंगात अवसार आलाय. शेजारच्या गुरुदासवर कोयता चालवला तो त्या गाठीने. ती आता निघाली. माझा भाऊ परत आलाय आणि तो मला घरात हवा आहे. तुझी खोली मी झाडून ठेवली आहे.

मथुरा, गुरुदासची बायको, माझ्याशी बोलत नाही. दोन घरांमधल्या दगडी गडग्यात जायचीयायची वाट होती, ती तिने काट्यांनी बुजवली. तिच्याकडे बघवत नाही. पण म्हणून तू जन्मभर आत राहावंस, असं काही मला वाटत नाही.

गोळ्या वेळेवर घे. आक्कावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
सुगंधाआक्का


सावंतवाडी कारागृह
३० ऑगस्ट २०२५

ती. आक्काच्या चरणी हरीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

ज्या शब्दावरून तू ओरडलीस तो मी या पत्रात मुळी येऊच देणार नाही. प्रकृती बरी आहे. डोक्यावरचे केस आले, टाक्यांच्या जागी मात्र विरळच राहिले. देवळात गाऱ्हाणं घालणारा म्हणून बराकीतले मला गावकर म्हणतात.

इथे गणपती आणलाय. सगळ्यांनी आग्रह केला की गावकरांनी सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालावं. उभा राहिलो. 'जाणतेपणान, अजाणतेपणान काय चुकला-माकला असात तर पदरात घे म्हाराजा' हे आपल्या देवळात मी तीस वर्षं एका दमात म्हणत आलोय. या वेळी पहिल्याच शब्दावर थांबलो. शेवटी दुसऱ्याने पुरं केलं. आक्का, वकील मला त्यातला एक शब्द निवडायला सांगतायत.

अहवाल खरा आहे. राग यायचा तो माझ्या ओळखीचा नव्हता. पण गोव्याहून निघताना मी डॉक्टरांना विचारलं की ते गाठीने केलं म्हणता, तर त्याआधी पन्नास वर्षं मी सरळ वागलो तेही रसायनच का? त्याचं श्रेय मात्र मी आनंदाने घेत होतो. डॉक्टर म्हणाले, माझं काम गाठीपर्यंत, पुढचं तुमचं तुम्ही बघा. भला माणूस.

आणि मला आठवतं. हे कोणालाच सांगितलेलं नाही. मी कोयत्याने कलमाच्या फांद्या उगाच छाटत होतो, तोंडाने शिव्या चालू होत्या. गुरुदास गडग्यावरून आला. म्हणाला, 'हरी, तुका बरा नाय. हंय बस, पाणी हाडतंय.' आणि वळला. तो माझ्यासाठी पाणी आणायला चाललाय हे मला कळत होतं. हात वर गेला तेव्हा मात्र थांबवणारं आत काहीच नव्हतं. रोज शोधतो, सापडत नाही. याला काय म्हणायचं, जाणता की अजाणता?

गुरुदासचं शेवटचं बोलणं मथुरेचं आहे, ते माझ्यापाशी राहिलंय. तेवढं तिला सांग. कोर्टातही मी जसं आहे तसं सांगणार.

तुझ्या मायेत उणं पडलं नाही, यापुढेही पडू नये ही इच्छा.

तुझा,
हरी


वरचीवाडी
१२ सप्टेंबर २०२५

चि. हरीस आशीर्वाद.

मी रागावले आहे, तेव्हा ख्यालीखुशाली विचारत नाही. 'आठवतं' म्हणालास की खटला हातचा गेला, हे वकिलांनी मला स्पष्ट सांगितलं. तू खरं बोलून मोकळा होशील आणि मी इथे तुझं ताट वाढून म्हातारी होईन. मथुरेला मी काय म्हणून सांगू? त्याने पाठ वळवली ती तुझ्यासाठी, हे ऐकून तिला रात्री झोप येईल का? मला तर येत नाही. हे माझ्याच्याने होणार नाही.

आक्का


सावंतवाडी कारागृह
२० सप्टेंबर २०२५

ती. आक्कास सा. न. वि. वि.

तू रागावलीस म्हणजे पत्र वाचलंस. कोर्टात मी बोलणार हे ठरलं आहे. मथुरा तिथे असेल. मग ते ती पहिल्यांदा काळ्या कोटांच्या गर्दीत, अनोळखी माणसांच्या देखत ऐकेल. त्यापेक्षा आपल्या माणसाकडून ऐकू दे. सांगशील तर तुझे उपकार, नाही सांगितलंस तरी तू माझी आक्काच.

हरी


वरचीवाडी
५ ऑक्टोबर २०२५

चि. हरीस सुगंधाआक्काचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

सांगितलं. गडग्यापाशी गेले, काट्यांच्या अलीकडेच उभी राहिले आणि तिला हाक मारली. ती आली. गुरुदासचे शब्द मी जसेच्या तसे सांगितले. तिने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'तो पयल्यापासून असोच होतो.' मला रडू आलं, तिला नाही आलं.

नंतर ती तिचं बोलली. त्या दिवशी सकाळी चहा पिताना गुरुदास तिला म्हणाला होता की हरीचं काहीतरी बिघडलंय, भांडत बसण्यापेक्षा त्याला कसालच्या डॉक्टरकडे नेऊया. हे तिने पोलिसांना सांगितलं नव्हतं. तुला उपयोगी पडेल म्हणूनच सांगितलं नाही, असं तिने मला तोंडावर सांगितलं. आता कोर्टात सांगणार आहे. तू लपवणार नसशील तर मीही लपवणार नाही, म्हणाली. वकील म्हणतात की तुझं आठवणं आणि तिचं सांगणं, दोन्ही ऐकून कोर्ट काय ठरवील ते आता कोणालाच सांगता येणार नाही.

दसऱ्याला गाऱ्हाणं अजयने घातलं. आवाज तुझाच. 'जाणतेपणान काय चुकला-माकला असात तर' असं म्हणाला आणि पुढे गेला. 'अजाणतेपणान' त्याने गिळलं. मथुरा बायकांत उभी होती ना. तिच्यासमोर तो शब्द म्हणजे बापासाठी सूट मागणं होईल, असं त्याला वाटलं. लोक 'व्हय म्हाराजा' म्हणणार तेवढ्यात मथुरा मागून म्हणाली, 'दोनय म्हण रे.' अजयने परत पहिल्यापासून दोन्ही म्हटलं. सगळा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणाला. मी तिच्या शेजारीच होते. ती म्हणाली नाही.

देवळातून येताना तिने मला थांबवलं. 'हरी सुटलो तर सुटांदे, पण ह्या गडग्यार माका तो दिसाक नको,' एवढंच बोलून ती पुढे गेली. यावर मी भांडू शकले असते, तुला माझं तोंड माहीत आहे. भांडावंसं वाटलं नाही.

तुझी खोली झाडून ठेवली म्हणून मी लिहिलं होतं. आता तिथे अजयने सामान आणून टाकलंय. आंबोलीला मामांचं रिकामं घर आहे, तिथे पाऊस फार आणि माझे गुडघे वाईट, पण आपल्या दोघांची चूल पेटेल. आज सुटलास किंवा दहा वर्षांनी सुटलास, तरी इकडची एसटी धरू नकोस. इथे येऊ नकोस, हरी. मी तिकडे येते.

तुझी,
आक्का