शिवेवरची माती

आबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण माझा राग काही उतरला नाही. महाडच्या कोर्टात कागदांच्या नकला करण्यात माझी सगळी नोकरी गेली, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथल्या एका म्हाताऱ्या वकिलांनी मला जुन्या काळच्या निवाड्यांचं एक पुस्तक वाचायला दिलं होतं. दोन गावांच्या शिवेचा वाद गोतसभेच्या पंचांपुढे आला आणि कुणाकडेच धड कागद नसला, तर एका माणसाला आंघोळ घालून, ओलेत्यानं, डोक्यावर मातीचं ढेकूळ देऊन चालायला लावायचे. तो चालेल ती शीव. मग ठरल्या मुदतीत त्याच्या घरात कुणी आजारी पडलं, मेलं, गोठ्याला आग लागली, तर तो खोटा. याला दिव्य म्हणायचे. त्या काळचे लोक किती भोळे, असं म्हणून वकीलसाहेब हसले. मीही मान हलवली. हे सगळं मी तेरा वर्षांची असताना आपल्याच अंगणात पाहिलंय, हे काही त्यांना सांगवलं नाही.

डोंगराच्या सोंडेवरच्या गवतावरून आपलं गाव आणि पलीकडचं गाव एकमेकांवर कोयते घेऊन धावले होते, त्या वर्षीची गोष्ट. तुम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेला माणूस. घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडलेत, गावकीची कामं टाकलीत, दर मार्चला आम्हाला चवदार तळ्यावर नेत होतात. आणि दोन्ही गावांची जाणती माणसं आपल्या वाडीत आली, ओटीवर बसली, जन्मात पहिल्यांदा आपल्या कपातला चहा प्यायली, तेवढ्यावर तुम्ही विरघळलात. आजोबांनी एकदा ही शीव चालून दाखवली होती म्हणे, आता त्यांच्या मुलानं चालावं, असं ती माणसं म्हणाली. आई आतून म्हणाली, हे आपण सोडलंय ना? तुम्ही म्हणालात, त्यांना माझा शब्द हवाय. त्या वाक्यातला तुमचा आनंद मला अजून ऐकू येतो आणि अजून तितकीच चीड आणतो.

तुम्ही चाललात. अनवाणी, मागे न बघता, ओढ्यापासून थेट सोंडेच्या टोकापर्यंत. मग आठ दिवसांची मुदत पडली, आणि पलीकडच्या गावची दोन माणसं आपल्या अंगणात पाळतीला बसली. चौथ्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीला ताप भरला. चार वर्षांची पोर, मान धरून कण्हत होती. आई तिला महाडच्या दवाखान्यात न्यायला निघाली, तर तुम्ही दाराला आडवा हात लावून उभे राहिलात.

"चार दीस कळ काढ. आता हिला भायेर काढली तर मी खोटा पडतो. माझा बाप खोटा पडतो."

"आणि पोर गेली म्हंजे?"

"नाय जायाची. मी खरा चाललोय."

हा तुमचा हिशेब. खऱ्या माणसाच्या घरात कुणी मरत नाही. मला तुम्ही जात्यावर बसवलंत, तिचं कण्हणं अंगणात जाऊ नये म्हणून. नाचणी संपली तरी मी रिकामं जातं फिरवते आहे, हाताला फोड आलेत, आणि बाहेरचा एकजण विचारतो आहे की या घरात एवढी भाकर कोण खातंय. तुम्ही हसून काहीतरी उत्तर देता आहात.

नवव्या दिवशी सकाळी त्यांनी तुम्हाला शेला दिला, नारळ दिला, तुमचे पाय धरले. ते गेल्यावर तुम्ही तिला खांद्यावर टाकून पोलादपूरहून महाडला जाणाऱ्या एसटीकडे धावलात. महाडला डॉक्टरांनी विचारलं, ताप कधीपासून? तुम्ही म्हणालात, कालपासून. दोन गावांनी ज्याच्या शब्दावर शीव ठरवली, तो माणूस तिथे उभ्या उभ्या खोटं बोलला, आणि मी शेजारी होते. पोर वाचली, पण तिचे दोन्ही कान गेले.

पुढे काही वर्षांनी सरकारी मोजणी आली. नकाशा कचेरीत पहिल्यापासून होताच, कुणी अर्ज केला नव्हता इतकंच. साखळी टाकली, खुणा केल्या, आणि दगड बरोबर तुमच्या पावलांवर बसले. गाव म्हणालं, बघा, माणूस खरा होता. तुम्ही खोटे निघाला असतात तर मी कदाचित केव्हाच माफ करून मोकळी झाले असते. तुम्ही खरे होतात, आणि ते खरेपण तुम्हाला तिच्यापेक्षा जास्त लाडकं होतं.

ती माझ्याकडेच असते. शिवणकाम करते, ओठांवरून बोलणं ओळखते, हट्टी आहे. कान कसे गेले हे तिनं मला किती वेळा विचारलंय. कोर्टात इतकी वर्षं इतरांच्या साक्षी उतरवल्या मी, म्हणून की काय, माझी साक्ष मला नीट पाठ आहे. मी तिला सांगते, तुला ताप भरला तशी आबांनी तुला उचलली आणि अनवाणी धावत सुटले. मग ती तुमच्या फोटोवरची धूळ पदरानं पुसते. आता ती बाजारातून येईल, त्याआधी हा कागद फाडायला हवा.