सात नंबरची भूक

४ मार्च, मंगळवार

आठ नंबरच्या मेंढीने आज पुन्हा सातच्या गव्हाणीत तोंड घातलं! गजांतून मान वाकडी करून सरळ चोरी. रोज सकाळी उरलेला चारा ग्रॅममध्ये तोलते मी, आणि ही बया माझ्या तीन वर्षांच्या कामावर पाणी फिरवणार. शेवटी दोघींच्या मधल्या गजांवर प्लायवूड ठोकलं. शेडवर चारा-पाणी बघणाऱ्या मामांनी खिळे आणून दिले.

५ मार्च

पंप सुरू. दोन्ही मेंढ्यांच्या मेंदूत बारीक नळी आहे — एकीला औषध, दुसरीला नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते ना मला माहीत, ना माझ्या गाईड सरांना. चिठ्ठी पाकिटात, पाकीट कपाटात, किल्ली औषधं भरणाऱ्या बाईंकडे.

मेंदूच्या तळाशी बोराएवढी जागा. पोटाकडून, रक्तातून निरोप येतात आणि तिथे ठरतं — अजून की पुरे. आमच्या औषधाने तिला 'पुरे' वाटायला हवं. वाटू दे बाई, माझी पदवी अडकलीय.

६ मार्च

सात : दीड किलोतला सहाशे ग्रॅम उरला. आठ : गव्हाण चाटूनपुसून साफ.

७ मार्च

सात : अकराशे उरला!! पुन्हा तोलला, तेवढाच. सरांचा चेहरा मुलीचं लग्न ठरल्यासारखा.

१० मार्च, सोमवार

सात कोपऱ्यात तोंड करून उभी असते. रवंथही नावापुरता. जनावरांच्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या — ताप नाही, पोट बंद नाही, आजार काही नाही. म्हणजे औषधच, असं सर म्हणाले. मीही मान डोलावली.

वजन बावन्न किलोवरून सत्तेचाळीस. चव्वेचाळीसला पोचली की नियमाप्रमाणे इंजेक्शन देऊन संपवायची. रोजची नोंद माझी, म्हणून कागदावर सही माझीच.

११ मार्च

मामा पाणी बदलता बदलता म्हणाले, "ताई, तिला शेजारीण दिसत नाही. एकटं मेंढरू खात नसतं."

मी म्हटलं, आवाज तर येतो ना तिला पलीकडचा. ते म्हणाले, आवाजाने भागत नाही. मग आठसुद्धा एकटीच आहे की, ती कशी खाते? त्यावर म्हणाले की ती जन्माची खादाड, तिचं धरू नका. आणि बादली उचलून गेले.

राग आला. मेंदूवर तीन वर्षं मी वाचते आहे, की हे?

१२ मार्च

झोप नाही. प्लायवूड काढायला दहा मिनिटं लागतील. पण मधेच काढलं तर ही जोडी प्रयोगातून बाद, आणि सरांनी परिषदेला निष्कर्ष कळवूनही टाकलाय. पंप थांबवून बघू का, विचारलं. सर म्हणाले, दोन दिवसांसाठी घाण करू नकोस.

हे सगळं सरांच्या गळ्यात घालणं सोपं आहे. खरं लिहिते. सकाळी गव्हाणीत डोकावते तेव्हा चारा उरलेला असावा असं मला वाटतं. तिने खाल्लेलं नको आहे मला.

१३ मार्च

पंचेचाळीस. आज माझ्या हातून तिने दोन पानं घेतली. मी तिथे उभी होते तोवरच. नोंदीत लिहिलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

चव्वेचाळीसला शंभर ग्रॅम कमी. सही केली. मान मीच धरली होती, शेवटपर्यंत. अंगात जोरच नव्हता तिच्या.

सर बरणी उजेडात धरून म्हणाले, असा मेंदू पुन्हा मिळायचा नाही.

१७ मार्च, सोमवार

पाकीट उघडलं. सात — मिठाचं पाणी. औषध आठला होतं. ती आजही गव्हाण चाटून बसलीय.

बाहेर मामांनी विचारलं, काय निघालं ताई. म्हटलं, अजून उघडलं नाही.